चावलेलं पान

ताओयुआन, ११ मार्च २०१८

चि. युन-रू,

तुझ्या मामाला नोकरी लागली. हसू नकोस. एकसष्टाव्या वर्षी नोकरी म्हणजे म्हाताऱ्या कोंबडीनं अंडं देणं, असं तुझी आई म्हणाली, तेवढं पुरे आहे. पस्तीस वर्षं प्लास्टिकचे साचे कापले, मग साचे समुद्रापलीकडे गेले, त्यांच्यामागून तूही गेलीस, आणि मी पेइपूच्या घरात भिंतीला पाठ लावून चहा पीत बसलो. आता महिना झाला इथे येऊन. कॉम्प्युटरचं भंगार सोडवायचा कारखाना. कीबोर्ड, माऊस, स्पीकर पट्ट्यावरून येतात. आम्ही उघडतो, तांबं वेगळं, पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं करतो. प्लास्टिक गिरणीत जातं आणि त्याचे दाणे होतात. जन्मभर जे बंद करायला शिकलो ते आता उघडायला शिकतोय.

फोन फाटकावर ठेवून घेतात, आणि तसाही तो काचेचा तुकडा माझ्या बोटांचं ऐकत नाही. म्हणून पत्र.

लिहायचं कारण वेगळंच आहे. काल तुझं पान सापडलं.

इथे एका माऊसला चाळीस सेकंद मिळतात. मग मुकादम घंटी वाजवतो. कालचा राखाडी रंगाचा होता, वायरवाला. स्क्रू कुठेच दिसेना. शेजारची न्वेत म्हणाली, "काका, पाय सोला." पोटाखालच्या त्या बुळबुळीत पट्ट्या सोलल्या तर खाली चार स्क्रू. मी मनात म्हटलं, पायाखाली स्क्रू लपवणारी ही दीडशहाणी कोण? उघडलं, आणि नाकाशी, चाकाच्या खाली, प्लास्टिकातच उमटवलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं चहाचं पान. दोन चावे घेतलेलं.

माझ्या पानाला एक चावा, तुझ्या पानाला दोन, हे तूच ठरवलं होतंस, बारा वर्षांची असताना, माझ्या साच्यांच्या दुकानात बसून. मी सांगितलं होतं, आपल्याकडचा चहा गोड का, तर हिरवा किडा पान चावतो म्हणून. चावलेलं पान ते आपलं. आणि खूण नेहमी नाकाशी घालायची, जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही. गिऱ्हाईक बघत नाही हे खरं, पण भंगारवाला बघतो. पस्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

घंटी वाजून गेली तरी मी ते हातात धरून होतो. मुकादम ओरडला. ते कवच मी डब्यात घालून घरी आणलंय. बिस्किटांच्या डब्यात.

तुझा मामा,
चिन-थांग

डोंगग्वान, २४ मार्च २०१८

प्रिय मामा,

पत्र जेवणाच्या खोलीत वाचलं आणि समोरच्या मुलीला वाटलं, घरी कुणी गेलं. लाज आणि आनंद एकदम आला की माझा चेहरा तसाच होतो.

पायाखाली स्क्रू लपवणारी दीडशहाणी मीच. साहेब म्हणाले होते, पोट गुळगुळीत दिसलं पाहिजे. ते पोट कधीतरी कुणी फाडणार आहे, आणि फाडणारा तू असशील, हे कुठे माहीत होतं.

एक सांगते, जपून वाच. चार वर्षांपूर्वीचा माझा एक काळा, चपटा, बिनवायरचा माऊस आहे. त्याला स्क्रूच नाहीत. कवच गोंदाने बंद, बॅटरीही गोंदाने, पाठीच्या बाजूला. तो भेटला तर पाठीकडून सुरी घालू नकोस. बॅटरीला टोक लागलं तर पेट घेते. त्यातही पान आहे.

तू विचारणारच म्हणून सांगते, मी बरी आहे. कारखान्याच्या आवारातच राहायला जागा, आवारातच जेवण, आवारातच केस कापणारी बाई. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, ईमेल वरचे वाचतात. कागदावर अजून कुणाचा डोळा नाही, तेव्हा लिहीत जा. माझा करार डिसेंबरमध्ये संपतो. मात्र सोडून गेले तर पुढची दोन वर्षं माऊस, कीबोर्ड यांतल्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, असं त्यात लिहिलंय. आणि मला दुसरं येतं काय?

माझ्या टेबलावरच्या यंत्रावर मी आपल्याकडे ठेवतात तसा हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलाय, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. इथले लोक हसतात. आमचे लाइ साहेब मात्र हसत नाहीत. ते आपल्या मियाओलीचे. येता-जाता पाकिटाची तारीख उलटली नाही ना, ते बघतात.

आता कामाचं. नवा माऊस माझ्याकडे दिलाय. बिनवायरचा, आणि साहेबांना परत सगळं गोंदानेच हवंय. पण अजून साचा कापलेला नाही. मामा, तुझ्या पट्ट्यावर काय उघडतं आणि काय उघडत नाही ते मला लिही. काही सोडू नकोस. या वेळी मला उघडणारा करायचाय.

वाळवलेला मुळा शिल्लक आहे का, तो जुना, काळा? इथे सगळ्या भाज्यांना एकच चव आहे.

तुझी,
युन-रू

ताओयुआन, ८ एप्रिल २०१८

चि. युन-रू,

काळ्या मुळ्याची बरणी तळाला गेली. तुझ्या आईने शेवटचे तुकडे कोंबडीच्या सूपमध्ये घातले आणि मला वास दिला. नवा मुरायला वर्षं लागतात. तोवर शिव्या खा, त्या ताज्या आहेत.

पहिली शिवी रबराच्या लेपाला. हाताला मऊ लागावं म्हणून तुम्ही प्लास्टिकवर जो लेप देता, तो पाच-सहा वर्षांत काकवीसारखा चिकट होतो. हातमोजा माऊसला चिकटतो, माऊस टेबलाला. तसं प्लास्टिक गिरणीत घालता येत नाही, सगळे दाणे नासतात.

दुसरी शिवी लोखंडाला. माऊस भारी वाटावा म्हणून पोटात लोखंडाचा तुकडा चिकटवता. गिऱ्हाइकाच्या हाताला फसवायला लोखंड, आणि ते खरवडायला आमचे हात.

तिसरी, एकाच कवचात दोन जातींची प्लास्टिकं एकमेकांवर ओतता. ती देवाला वेगळी करता येणार नाहीत.

चौथी स्क्रूंना. चार स्क्रू आणि तीन तऱ्हा. हत्यार बदलण्यातच घंटी होते.

सगळ्यात वाईट म्हणजे गोंद. बिनवायरचा चिकटवलेला आला की पट्ट्यावर कुणी बोलत नाही. तो तसाच गिरणीत टाकता येत नाही, बॅटरी पेटेल. म्हणून नियम असा की मोठ्या कातरीने त्याचं नाक कापायचं, कारण बॅटरी नाकात नसते, आणि तिथून आतलं उपसून काढायचं. न्वेत ते पंधरा सेकंदात करते. ही न्वेत व्हिएतनामची, लग्न होऊन इथे आली, नवरा गेला, आता सासूला सांभाळते. माझ्यापेक्षा दुप्पट काम करते आणि वर मला सांगते, "काका, माऊसशी बोलत बसू नका."

मला काय हवं विचारशील तर एक खटका दे. नाण्याने उघडेल असा, बाहेरून दिसणारा. बॅटरीला गोंद नको, खोबणी दे. प्लास्टिक एकच जात, लेप नाही, लोखंड नाही. एवढं केलंस तर पट्ट्यावर तुझ्या नावाने उदबत्ती लावतो.

तुझी आतापर्यंत सात पानं झाली. डब्यात आहेत.

मामा

डोंगग्वान, २ मे २०१८

प्रिय मामा,

उदबत्ती तयार ठेव. सोबतच्या खोक्यात नमुना आहे. पोटावर गोल खाच, त्यात दहाचं नाणं घालून पाव वळसा दिला की खटका सुटतो आणि कवच दोन भागांत मोकळं होतं. लेप नाही, लोखंड नाही, प्लास्टिक एकाच जातीचं. बॅटरी खोबणीत. मी नऊ सेकंदांत उघडते.

लाइ साहेबांनी स्वतः तीन वेळा उघडून बघितला. विक्रीवाले कुरकुरले की उघडणारी वस्तू लोकांना स्वस्तातली वाटते. साहेब फक्त म्हणाले, "चार वर्षं वापरल्यावरही असाच उघडेल का, ते सिद्ध करा." चार वर्षं मी आणू कुठून? म्हणून तुझ्याकडे पाठवला. तुझ्याकडे म्हाताऱ्या माऊसचा अनुभव आहे.

साच्याचं पोलाद २५ जूनला भट्टीत जाणार. एकदा कडक झालं की पुढे काही बदलता येत नाही हे तुला कोण सांगणार. तीस लाख माऊस निघतील त्यातून. ते उघडतील की नाही हे आता तुझ्या नाण्यावर आहे.

गेले तीन आठवडे मी फाटकाबाहेर गेले नाही आणि पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

युन-रू

ताओयुआन, २६ मे २०१८

चि. युन-रू,

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवा अंगठा मुरगळलाय, म्हणून मी सांगतोय आणि न्वेत लिहितेय. ती संध्याकाळच्या शाळेत आपली अक्षरं शिकली. माझ्यापेक्षा चांगली काढते, हे वाक्य तिने स्वतःच घातलं.

नमुना मिळाला. नवा होता तेव्हा पट्ट्यावरच्या पाचही बायकांनी उघडला. मग मी त्याला म्हातारा केला. शेवयांचं सूप सांडलं, साखरेचा चहा सांडला, हाताचा घाम म्हणून मिठाचं पाणी चोळलं, बिस्किटाचा चुरा भरला, आणि पत्र्यावर दहा दिवस उन्हात ठेवला.

आता खटका हलत नाही. खाचेत मळ दगडासारखा बसलाय. नाणं फिरवलं तर खाचच चुरा होते. पाचजणींनी प्रयत्न केला, पाचही वेळा घंटी झाली.

खोटं सांगून तुझं भलं होणार नाही, म्हणून खरं सांगतो. जे हलतं ते अडकतं. दुसरं काही शोध.

आणि एक. पुढच्या साच्यात पान घालू नकोस. कारण विचारू नकोस.

मामा

डोंगग्वान, १ जून २०१८

मामा,

तुझं पत्र मी साहेबांसमोर वाचून दाखवलं. वाटलं, खरं सांगितलं तर दुरुस्तीला महिनाभर मिळेल. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचे मामाच म्हणतात उघडत नाही. मग खटका कशाला? गोंद लावा." विक्रीवाल्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत संपलं.

तुझ्यावर राग नाही. तू खरं बोललास, आणि मीच ते खरं त्यांच्या हातात दिलं.

२५ तारखेला गोंदाच्या नकाशावर माझी सही होईल. नाही केली तर दुसरा कुणी करेल, आणि मी दोन वर्षं आईच्या स्वयंपाकघरात बसेन. साचा तोच निघेल. चारी बाजूंनी बघून झालं मामा, कुठूनही फट नाही.

पण पान घालू नकोस असं तू का लिहिलंस? कारण विचारू नकोस म्हणालास, तरी मला कळलं. असल्या कामावर आपली खूण नको, असंच ना? तुझ्या जागी मी असते तर मलाही लाज वाटली असती. फक्त ते तू दुसऱ्या बाईच्या अक्षरात लिहायला नको होतंस. रात्रभर तेवढंच डोक्यात होतं.

युन-रू

ताओयुआन, १० जून २०१८

युन-रू ताईंना,

मी न्वेत. तुमच्या मामांच्या शेजारी बसते. मामांना न विचारता लिहिते आहे. चुका असतील, समजून घ्या.

तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणून लिहिते.

अंगठा मुरगळलेला नाही. हात भाजला आहे. १४ मे रोजी पट्ट्यावर काळा चपटा माऊस आला. बिनवायरचा, चिकटवलेला. नियम आहे की नाक कापायचं. मी म्हटलं, "काका, कातर घ्या." ते म्हणाले, "नाकात तिचं पान आहे." आणि त्यांनी पाठीकडून सुरी घातली. बॅटरी पाठीत असते हे त्यांना माहीत होतं. तुम्ही लिहिलं होतं, ते पत्र त्यांनी मला दाखवलं होतं. ते म्हणाले, हळू करतो.

धूर आला, मग ज्वाळा. त्यांनी माऊस सोडला नाही. वाळूच्या बादलीपर्यंत हातात धरून नेला, कारण टेबलाखाली माझे पाय होते आणि बाजूला फोडलेल्या बॅटऱ्यांची पेटी होती. अंगठा आणि पहिली दोन बोटं. डॉक्टर म्हणतात, जखम भरेल, पण पकड येणार नाही. बोटांना काही कळत नाही. चहाचा पेला हातातून पडतो.

आता त्यांना पट्ट्याच्या तोंडाशी उभं केलं आहे. आलेला माल निवडायचा. हत्यार नाही.

पान घालू नकोस म्हणाले ते लाज वाटली म्हणून नाही. ते म्हणाले, "माझ्यासारखा दुसरा वेडा कुणी असेल तर? पान बघून तोही नाक कापणार नाही."

त्यांच्या डब्यात अकरा पानं आहेत. रविवारी टेबलावर मांडून बसतात.

मी सांगितलं हे त्यांना सांगू नका.

न्वेत

डोंगग्वान, २८ जून २०१८

न्वेत ताई,

तुमचं पत्र सतरा तारखेला मिळालं. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर पडून हाताकडे बघत होते. त्या काळ्या माऊसमध्ये पान कुठे घालायचं ते याच हाताने ठरवलं होतं.

नंतर आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. काय केलं ते नीट सांगते, कारण ते तुमच्यासाठीच आहे.

नवा माऊस गोंदानेच बंद होणार. ते मला बदलता आलं नाही. पण मामा म्हणाले होते, जे हलतं ते अडकतं. म्हणून मी हलणारं काही ठेवलंच नाही. कवचाच्या आतून, सगळ्या कडेने, केसाएवढ्या रेषेत भिंत अर्ध्या जाडीची केली आहे. बाहेरून काही दिसत नाही. आणि पान आता आत नाही, बाहेर पोटावर आहे, नखाएवढं. त्याला दोन चावे आहेत. मोठ्या चाव्यात पेचकस ठेवायचा आणि पिळायचा. कवच रेषेवर तडकून निघतं, शेंग सोलावी तसं. तिथे बॅटरी नाही. बॅटरीचा गोंद कागदी पट्टीवर आहे, पट्टीचं शेपूट लाल आहे. ओढलं की सुटते. मळ भरला तरी हरकत नाही, अडकायला खटकाच नाही. मी चिखल, सूप, मीठ सगळं करून बघितलं. आठ सेकंद.

टेबलावर पानाचं चित्र लावून ठेवा. नव्या बायकांना सांगा, पान दिसलं की ते जपायचं नाही, तिथेच फोडायचं.

आता जे फक्त तुम्हाला सांगते ते. लाइ साहेबांना पान आवडलं. शोभेचं वाटलं. पण ते मुळात साचेवालेच. सहीच्या आदल्या दिवशी नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "इथे भिंत अर्धी का?" मी सगळं सांगितलं. मामांचा हातही सांगितला. ते खिडकीपाशी जाऊन समोरच्या खिडक्या बघू लागले. ते एकोणीस वर्षं इथे आहेत, मुलीच्या लग्नालाही दोन दिवसांसाठी गेले होते. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या हातात फुटला तर उत्तर कोण देणार?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग उत्तर द्यायला इथे असावं लागेल. पाच वर्षं. कागद करतो."

मी सही केली, दोन्ही कागदांवर. जाताना त्यांनी हिरव्या पाकिटाची तारीख बघितली आणि म्हणाले, नवं आणा.

डिसेंबरमध्ये मी घरी येणार होते. मामांना हे कळू देऊ नका. आपल्या हातासाठी मी इथे अडकले असं त्यांना वाटलं तर दुसराही हात गळून पडेल त्यांचा.

युन-रू

डोंगग्वान, २८ जून २०१८

प्रिय मामा,

मागच्या पत्रात वेड्यासारखं लिहिलं, ते चुलीत घाल. अंगठ्याला आल्याचा शेक देत जा, मुरगळणं पटकन बरं होतं.

नवा माऊस कसा उघडायचा ते न्वेत ताईंना सविस्तर लिहिलंय, त्या दाखवतील. तुझं ऐकलं नाही, पान घातलंच. पण आत नाही घातलं.

आणखी एक बातमी. मी इथेच राहायचं ठरवलंय, पाच वर्षं. हुद्दा वाढला, खोलीला स्वतःचं न्हाणीघर मिळालं, आणि स्वयंपाक्याला एकदाची आपली तांदळाच्या रुंद शेवयांची पद्धत जमली. आईला तूच समजाव. मी सांगितलं तर ती ओरडेल, तुझ्यावर ओरडायची तिला सवय आहे.

मी मजेत आहे.

युन-रू

ताओयुआन, १७ ऑक्टोबर २०२२

चि. युन-रू,

हे माझं अक्षर. डाव्या हाताचं. कोंबडीने चिखलातून चालावं तसं झालंय, पण माझं आहे. चार वर्षं न्वेतकडून लिहवून घेतलं, हे मात्र तिला लिहायला लावणार नव्हतो.

आज तो आला.

सकाळी पट्ट्याच्या तोंडाशी उभा होतो. शाळेतून टाकलेल्या मालाचं खोकं. कीबोर्ड, कीबोर्ड, तुटका स्पीकर, आणि मध्ये एक करडा माऊस. कडेला मळाची काळी रेघ, चाकात केस गुंतलेले. उलटा केला. पोटावर पान.

चार वर्षं मी प्रत्येक माऊस उलटा करून बघतोय. मुकादमाला वाटतं, म्हाताऱ्याला सवय लागली.

न्वेतला हाक मारणार होतो, नाही मारली. तो नेहमीसारखा पट्ट्यावर ठेवून दिला आणि मागे चालत गेलो. तो सान-मेइच्या टेबलावर गेला. ही नवी आहे, आधी शाळेसमोर जेवणाचे डबे विकायची. तुला ओळखत नाही, मला नीट ओळखत नाही. तिने उलटा केला, भिंतीवरच्या चित्राकडे एकदा बघितलं, चाव्यात पेचकस ठेवला आणि पिळला. कट्‌ असा आवाज झाला. कवच निघालं. लाल शेपूट ओढलं, बॅटरी पेटीत, तांबं डाव्या टोपलीत, प्लास्टिक उजव्या. मी मनात मोजत होतो. नऊ सेकंद. तिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढचा घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "तर काय सांगत होते, माझी नणंद..."

मला रडू आलं. तिच्या नणंदेची गोष्ट ऐकून आलं असं तिला वाटलं, तिने मला पाणी दिलं.

तिला सांगावंसं वाटलं की हे पान कुणाचं. पण मग तीही जपायला लागली असती. नाही सांगितलं.

उजव्या टोपलीतलं ते कवच मी उचललं. डब्यात ठेवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण गिरणीपाशी नेऊन स्वतःच्या हाताने आत टाकलं. संध्याकाळी डबाही आणला आणि अकराची अकरा पानं त्यात ओतली. गिरणीवाला म्हणाला, "काका, हे काय?" म्हटलं, उशिरा आलेला माल. सगळ्याचे दाणे झाले. कुठली तुझी, कुठली परक्याची, आता ओळखू येत नाहीत.

आता दुसरं. तू मजेत नाहीस हे मला २०१८च्या जुलैपासून माहीत आहे. न्वेतच्या पोटात काही राहत नाही. तिने तुझं पत्र मला त्याच दिवशी वाचून दाखवलं आणि मग माझ्या आधी स्वतःच रडली. तू मला कळू द्यायचं नव्हतंस, म्हणून मीही कळल्याचं दाखवलं नाही. मधली दोन वर्षं तर साथीमुळे समुद्राच्या दोन्ही काठांवर दारं बंद होती, तेव्हा तू समोरच्या खिडक्या मोजत बसली असशील. इथे मी बसून होतो. आपण दोघांनी एकमेकांना अंगठा मुरगळल्याच्या आणि न्हाणीघराच्या गोष्टी लिहिल्या. पुष्कळ झालं.

तुझी अजून आठ महिने सजा आहे. ती मला फोडता येत नाही. तुझ्या कराराच्या कागदाला पातळ रेघ का नाही, ते मी साहेबांना भेटून विचारणार होतो, तुझ्या आईने अडवलं.

पण एक केलंय. २०१८च्या हिवाळ्यात मुळा आला तेव्हा मी बरणीभर वाळवून, मीठ लावून दाबून ठेवला. न्वेतने चिरला, मी डाव्या हाताने भरला. हिशोब केला की तू सुटेपर्यंत तो पुरता काळा होईल. बरणी कोनाड्यात आहे, झाकण मेणाने बंद केलंय. तुझी आई दर नव्या वर्षाला म्हणते, उघडू या. मी नाही म्हणतो.

जूनमध्ये किडे पानं चावायला येतात. तेव्हा ये. बरणीचं झाकण फार घट्ट बसलंय, त्याला दोन धड हात लागतील.

तुझा मामा,
चिन-थांग